पासवरची ओळ

माझ्या पत्र्याच्या पेटीत एक जुना प्रेस पास आहे. पिवळा पुठ्ठा, वर पंचिंगचं भोक, त्यात ओवलेली लाल नाडी आता तपकिरी झाली आहे. १९९३ च्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी झालेल्या कबड्डी स्पर्धेचा. पासवर 'श्री.' एवढं छापलेलं होतं आणि पुढे नावासाठी रेघ. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी बॉलपेन टेकवलं, मान वर करून मला पाहिलं, थोडे घुटमळले आणि 'श्री.'ला चिकटून 'मती' लिहिलं. मधलं टिंब तसंच राहिलं. श्री.मती. नवीन पास करायचा तर मागच्या खोलीतून नवा पुठ्ठा आणावा लागला असता.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला चहा पाजला, सावलीत खुर्ची टाकून दिली आणि दिवसभरात तीनदा विचारलं, "मॅडम, सोबत कोण आलं जी?" सोबत कोणी आलं नव्हतं. मी एसटीने आले होते आणि सहाच्या आधी ट्रंककॉल लावून निकाल सांगायचा होता, नाहीतर डाक आवृत्तीत बातमी लागली नसती.

हा पास मी अमेरिकेत का आणला, ते मलाही सांगता येणार नाही. येताना बॅगेत किलोकिलोचा हिशेब होता. गोडा मसाला, कुकरची रिंग, हळकुंडं. त्यात हा पुठ्ठा कसा शिरला कोण जाणे.

१९९७ मध्ये लग्न होऊन मी मॅसॅच्युसेट्समध्ये आले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. तेव्हा सगळ्यांचेच नवरे सॉफ्टवेअरमध्ये होते. २००० साल उजाडताना जगातले कॉम्प्युटर बंद पडू नयेत ही जबाबदारी बहुधा आपल्याच मंडळींवर टाकली होती. माझ्याकडे व्हिसा होता, कामाची परवानगी नव्हती. नागपूरच्या एका दैनिकात साडेचार वर्षं क्रीडा डेस्कवर काढलेली बाई आता दिवसभर खिडकीतून बर्फ बघत होती. सोमवारी रात्री नवरा टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लावायचा. त्यालाही त्यात गोडी नव्हती, पण मंगळवारी ऑफिसात सगळे त्यावरच बोलत, म्हणून बिचारा अभ्यास केल्यासारखा बघायचा.

खेळ मला ओ की ठो कळत नव्हता. म्हणायचं फुटबॉल आणि चेंडू हातात धरून पळायचं. चार पावलं पळायची की अर्धा मिनिट सभा भरवायची. पण १९९८ च्या त्या मोसमात मैदानाच्या कडेला माइक घेऊन एक पंचेचाळिशीची बाई दिसू लागली. ती एक छोटा प्रश्न विचारायची आणि गप्प बसून ऐकायची. तिचं ते ऐकणं मला ओळखीचं वाटलं. टीव्हीवरची माणसं समोरचा बोलत असताना पुढचा प्रश्न मनात जुळवत असतात, ते डोळ्यांत दिसतं. ही मात्र एखादा शब्द निसटू नये म्हणून ऐकायची, वहीत उतरवून घेणाऱ्या वार्ताहरासारखी. खेळ कळत नसला तरी मी त्या बाईसाठी सोमवारी जागू लागले.

दोन मोसम गेले. २००० मध्ये तिच्या जागी दुसरी आली, २६ वर्षांची, चुणचुणीत. मी नवऱ्याला विचारलं, "ती बाई कुठे गेली?" त्याने टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "कुठली बाई?"

तिचं नाव लेस्ली व्हिसर हे मला २००६ मध्ये, स्थानिक पेपर वाचताना कळलं. अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने, ओहायोतल्या कँटन गावी, तिला प्रसारणासाठीचा पीट रोझेल पुरस्कार दिला होता. त्या संस्थेने सन्मान केलेली ती पहिली स्त्री. बातमीत 'पहिली' हा शब्द इतक्यांदा आला होता, की डेस्कवरची माझी जुनी सवय जागी झाली. असल्या कॉपीतले चार 'पहिली' मी निळ्या पेनने कापले असते. पण कापू कुठला? एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, संघ बीट म्हणून (नेमून दिलेलं कायमचं काम म्हणून) कव्हर करणारी पहिली. सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाला करंडक देण्याचा सोहळा टीव्हीवर सांभाळणारी पहिली, १९९२ मध्ये मिनियापोलिसला. सुपर बोलला मैदानाच्या कडेवरून वार्तांकन करणारी पहिली, १९९५. सोमवारच्या रात्रीच्या सामन्यांवरची पहिली, १९९८. तिथेच कुठेतरी मी तिला पाहिलं होतं.

बोस्टनजवळच्या क्विन्सीत १९५३ मध्ये जन्मलेली मुलगी. हॅलोवीनला बाकीच्या पोरी परीराण्या होऊन दारोदार चॉकलेटं मागत, ही बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या सॅम जोन्सचा वेश करून जायची. दहाव्या वर्षी आईला म्हणाली, मला खेळांवर लिहायचंय. १९६३-६४ ची गोष्ट. असलं काम करणारी बाई त्या माउलीने पाहिलेली असण्याचा प्रश्नच नव्हता. ती इंग्रजीची शिक्षिका होती. तिने लेकीला सांगितलं, की कधी कधी 'थांबा' लिहिलेलं असतानाच रस्ता ओलांडावा लागतो. हे वाक्य व्हिसरने पुढे जन्मभर सांगितलं. माझ्या आईने असलं काही उच्चारलं नसतं. तिचं म्हणणं, रस्ता नंतर, आधी दिवेलागणीच्या आत घरात.

तरी नुसत्या आईच्या वाक्यावर नोकरी मिळत नाही. १९७४ मध्ये व्हिसरला कार्नेगी फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली. ती होतीच अशा मुलींसाठी, ज्यांना शंभरात पंचाण्णव पुरुष असलेल्या कामात शिरायचं होतं. त्या पैशावर ती 'बोस्टन ग्लोब'च्या क्रीडा विभागात दाखल झाली. माझ्या मते हिच्या कथेतली ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी बाब आहे. जिद्दीच्या गोष्टी सांगायला बऱ्या पडतात. कुणीतरी आधी मोजलं होतं की इथे पंचाण्णव पुरुष आहेत, आणि ते मोजून खिशात हात घातला होता, हे सांगताना कुणाच्या अंगावर काटा येत नाही.

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, ग्लोबने तिला न्यू इंग्लंड पॅट्रियट्स हा संघ दिला. बीट मिळाली म्हणजे सामने, सराव, दुखापती, करार, भानगडी, सगळं तिचं. तिचं वय २२-२३. आणि गळ्यात जो पास आला त्यावर छापलेलं होतं: प्रेस बॉक्समध्ये स्त्रिया व मुलांना प्रवेश नाही.

ही ओळ वाचली तेव्हा मी उठून पेटी उघडली. श्री.मती. तिचा पास तर माझ्याहून चमत्कारिक. ज्या बाईच्या गळ्यात तो अडकवला, तिलाच तो आत येऊ नको म्हणत होता. पास कुणी मुद्दाम तिला चिडवायला छापला नव्हता. आधीपासून तसाच छापून येत होता, आणि बाई येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, इतकंच.

प्रेस बॉक्समध्ये बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं. पण खरी गोची सामना संपल्यावर होती, आणि ती डेस्कवर काम केलेल्यालाच नीट समजेल. सामना संपतो, वार्ताहर लॉकर रूममध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, घुसतात. खेळाडू अजून घामाघूम असतात, जिंकल्याचा कैफ किंवा हरल्याचा संताप ताजा असतो, आणि बोलायचं ते तेव्हाच बोलून टाकतात. पंधरा मिनिटांनी आंघोळ झाली की सगळे सभ्य होतात आणि 'सगळ्या टीमचं यश' छापाचं बोलू लागतात. बाईला आत प्रवेश नसेल तर तिला तो ताजा माल मिळतच नाही. ती बाहेर पार्किंगमध्ये, खेळाडू आपापल्या गाडीकडे येईपर्यंत उभी. तोवर तिकडे ऑफिसात पान सोडायची वेळ झालेली. म्हणजे उद्या सकाळी तिची बातमी इतरांच्या बातमीपेक्षा फिकी. आणि वर पुन्हा, बघा, बाईला जमत नाही.

अशाच एका पार्किंगमध्ये ती पिट्सबर्गच्या टेरी ब्रॅडशॉची वाट पाहत उभी होती. चार सुपर बोल जिंकलेला त्या काळातला मोठा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा मुख्य खेळाडू. तो आला, तिच्या हातातली वही आणि पेन घेतलं, त्यावर सही केली, वही परत दिली आणि निघून गेला. त्याला ती चाहती वाटली.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. मग मला एका मैदानाच्या फाटकावरचा दरवान आठवला. पास दाखवला तरी मला हाताने दिशा दाखवून सांगत होता, "फॅमिली तिकडून, मॅडम. व्हीआयपी फॅमिली त्या गेटनं." कुणाची फॅमिली, ते त्याने विचारलं नाही. कुणाची तरी असणारच. मी दोनदा सांगितलं, मग कंटाळून फॅमिलीच्या दारानेच आत गेले आणि मधला दोर ओलांडून पत्रकारांच्या बाकड्यावर जाऊन बसले. सामन्याच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नसे. का, ते बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही.

सगळेच काही ब्रॅडशॉसारखे नकळत वागले नाहीत. १९८० च्या कॉटन बोल या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यानंतर ह्यूस्टन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल योमन सगळ्यांदेखत ओरडला, की स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीशी मला काही देणंघेणं नाही, हिला माझ्या लॉकर रूममध्ये येऊ देणार नाही. आणि कॅमेरे मागे धावत असताना तिला बाहेर काढलं. व्हिसरने त्यानंतर काय केलं? बातमी दिली. वेळेत. यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला नाही. त्या क्षणी बाकी काही सुचतच नाही. अपमान वगैरे नंतर, शेवटच्या बसमध्ये आठवतो.

लॉकर रूमचं दार कुणा एकीच्या जिद्दीने उघडलं असं समजू नका. ते कोर्टाने उघडलं. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बेसबॉलची वर्ल्ड सिरीज चालू असताना 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मेलिसा लुडकीला खेळाडूंच्या खोलीत जायला मनाई झाली. ही लुडकीही आमच्याच राज्यातली, अ‍ॅम्हर्स्टची. दुसऱ्या संघाने, डॉजर्सने, हरकत नसल्याचं कळवलं होतं; मनाई आली ती बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांच्याकडून. तिने आणि तिच्या मासिकाच्या मालकांनी दावा लावला. २५ सप्टेंबर १९७८ ला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी निकाल दिला. मॉटली या अमेरिकेच्या संघीय न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. त्यांचा मुद्दा साधा होता. स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं, म्हणजे जनतेचं. तिथे बाईला एक न्याय आणि पुरुषाला एक, हे घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत बसत नाही. खेळाडूंच्या लाजेची काळजी असेल तर त्यासाठी दुसरे उपाय आहेत. यावर देशभर जी चर्चा पेटली ती मुख्यतः टॉवेलविषयी होती. अमेरिकन फुटबॉलला शहाणपण यायला आणखी सात वर्षं लागली. १९८५ मध्ये एनएफएलने सगळ्या संघांना लॉकर रूम सर्वांसाठी खुली करायला लावली.

म्हणजे १९७६ ते १९८५. बीट मिळाल्यापासून नऊ वर्षं. तेवढ्यात ती वर्तमानपत्रातून टीव्हीकडे वळलीसुद्धा. १९८४ पासून सीबीएस या वाहिनीसाठी अधूनमधून आणि १९८७ पासून पूर्णवेळ. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा सीबीएसने तिला तिकडे धाडलं, पूर्व जर्मनीच्या खेळाडूंचं आता काय होणार हे सांगायला. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना पडली, कमरेचं हाड मोडलं, चेहरा रस्त्यावर घासला गेला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. चेहऱ्यावर चालणाऱ्या धंद्यात ती पुन्हा उभी राहिली, हे खरं तर मोठंच. पण तिच्या चाहत्यांना ती गोष्ट जितकी प्रिय आहे तितकी मला नाही. पडून उठणाऱ्यांच्या गोष्टी जगात भरपूर आहेत.

मला सतावते ती दुसरी.

दुसरी म्हणजे पहिलीनंतर येणारी. लिसा ओल्सन तिचं नाव. 'बोस्टन हेराल्ड'ची वार्ताहर. १९९० मध्ये, व्हिसरने १४ वर्षांपूर्वी कव्हर करायला घेतलेल्या त्याच पॅट्रियट्स संघाच्या, आता कायद्याने उघड्या असलेल्या लॉकर रूममध्ये ती बसून मुलाखत घेत होती. काही खेळाडू नग्नावस्थेत तिच्याभोवती आले आणि अश्लील बोलले. तिने तक्रार केली. चौकशी झाली, दंड झाले. पण संघाच्या चाहत्यांनी तिलाच धारेवर धरलं. धमक्या आल्या, गाडीचे टायर फाडले. शेवटी ती अमेरिका सोडून ऑस्ट्रेलियात गेली. दार उघडं होतं. दारातून आत गेल्यावर काय होतं, त्याबद्दल निकालपत्रात काही लिहिलेलं नव्हतं.

टीव्हीवर सामन्याचं धावतं वर्णन करण्याची कथा वेगळी. एनएफएलच्या सामन्याचं वर्णन एका बाईने पहिल्यांदा केलं २७ डिसेंबर १९८७ ला, कॅन्सस सिटीत. गेल सिअरन्स. तिची मूळ नोकरी फ्लोरिडातल्या टँपाच्या वाहिनीवर बातम्या देण्याची. आणखी सामने मिळत होते, पण तिच्या वाहिनीने सांगितलं, हे किंवा ते. तिने बातम्या निवडल्या. दुसरीचा आवाज ऐकू यायला ११ सप्टेंबर २०१७ उजाडावं लागलं, बेथ मोविन्सचा. मध्ये जवळजवळ ३० वर्षं. योगायोग असा, की ११ सप्टेंबर हा व्हिसरचा वाढदिवस. त्या दिवशी ती ६४ वर्षांची झाली. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. मी त्याला फोन करून सांगितलं, आज मॅच लाव. तो म्हणाला, "आई, तुला फुटबॉल कधीपासून आवडायला लागला?"

तीस वर्षांचा हा आकडा वाचला आणि मला बाबांचा ट्रान्झिस्टर आठवला.

३१ ऑक्टोबर १९८७. मी १७ वर्षांची. बाबांनी मला विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर नेलं होतं. विश्वचषक, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवले, आणि अंगात ताप असलेल्या गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३ केले. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं एकमेव शतक. नागपूरच्या माणसाला हा दिवस कुणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. पण बाबांनी परतताना सायकल हातात धरून चालता चालता वेगळंच सांगितलं. "आज सी. के. चा वाढदिवस." कर्नल सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले, हिस्लॉप कॉलेजात शिकले, पुढे होळकरांनी त्यांना इंदूरला नेलं. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान. आमच्याकडे हे नाव गावाला गेलेल्या काकासारखं घेतलं जाई. बाबा म्हणाले, "त्यांची मुलगीपण रेडिओवर बोलायची म्हणतात मॅचचं." मी ऐकलं आणि विसरले.

आमच्या ट्रान्झिस्टरमधून जसदेव सिंग येत, सुशील दोशी येत, कधी मुंबईचं केंद्र लागलं तर बाळ पंडितांचं मराठी समालोचन. बाईचा आवाज त्यातून क्रिकेटवर बोलताना मी लहानपणी एकदाही ऐकला नाही. बातम्या द्यायला बाई, शेतकऱ्यांना सल्ला द्यायला बाई, 'आपली आवड'मध्ये बाई. पण पॉइंट आणि गली कुठे असते ते सांगायला नाही.

सी. के. ची ती मुलगी म्हणजे चंद्रा नायडू. १९७६-७७ मध्ये टोनी ग्रेगचा इंग्लंडचा संघ एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) म्हणून भारतात आला होता. १९७७ मध्ये इंदूरला त्यांचा सामना तेव्हाच्या राष्ट्रीय विजेत्या मुंबईशी झाला. त्याचं समालोचन चंद्रा नायडूंनी केलं. भारतातल्या पहिल्या स्त्री समालोचक म्हणून त्यांची नोंद आहे. व्यवसायाने इंग्रजीच्या प्राध्यापिका. इंदूरच्या शासकीय मुलींच्या महाविद्यालयातून प्राचार्य म्हणून निवृत्त झाल्या. वडिलांवर पुस्तक लिहिलं. समालोचन मात्र फार काळ केलं नाही. ४ एप्रिल २०२१ ला, ८८ व्या वर्षी, इंदूरलाच गेल्या. कोविडची दुसरी लाट चढत होती, पेपरात मृत्युलेखांची रांग लागलेली. मी इथे मोबाइलवर ती छोटी बातमी वाचली आणि बाबांच्या सायकलची चेन कुरकुरल्यासारखी वाटली.

तारखा शेजारी ठेवून पाहा. १९७६ ला पॅट्रियट्सच्या गावी, फॉक्सबरोच्या पार्किंगमध्ये व्हिसर. १९७७ च्या आरंभी इंदूरच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये चंद्राबाई. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात यांकी स्टेडियमच्या बोळात लुडकी. तिघींपैकी खुर्ची मिळालेली एकटी चंद्राबाईच! दरवाज्याचं भांडण त्यांच्या वाट्याला आलं नाही. कर्नल साहेबांची मुलगी, इंदूर शहर, कोण अडवणार? पण मागे बीट नव्हती, पगार नव्हता, पुढचा सामना नव्हता. बापाच्या नावाने उघडलेलं दार दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी उघडं राहत नाही, असं मला वाटतं. त्याच इंदूरचे सुशील दोशी. होळकर स्टेडियमच्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे, २०१६ मध्ये पद्मश्रीही मिळाली. हजारो तास ज्यांनी आमच्या कानांत क्रिकेट ओतलं, त्यांना मिळायलाच हवं. मला फक्त त्या हजारो तासांचा हेवा वाटतो, चंद्राबाईंच्या वतीने.

आता स्वतःचं सांगते, नाहीतर हा लेख खोटा होईल.

आमच्या डेस्कवरही मी पहिलीच होते. डेस्कचे सर भले माणूस. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाचं पान कसं उभं केलं ते मला पुन्हा पुन्हा सांगत. शीर्षकं कशी कमी शब्दांत करायची ते शिकवत. पण "बाहेरचं काम कशाला, पान लाव तू. तुझा हात चांगला आहे." साडेचार वर्षांत मी मैदानावर जाऊन कव्हर केलेल्या स्पर्धा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळं पीटीआय या वृत्तसंस्थेच्या तारांचं मराठी. रात्री अकराला पान सोडलं की ऑफिसची जीप आधी मला सोडायची, म्हणून जीपमधले दोघं-तिघं रोज अर्धा तास उशिरा घरी पोचत. कुणी बोललं नाही कधी. मला ते न बोलणं ऐकू यायचं.

लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि हसत म्हणाले, "बघा, शिकवलं की उडतात. पुढच्या वेळी मुलगाच घेतो." सगळे हसले, मीही हसले.

मागे एकदा जुन्या सहकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, माझ्यानंतर खेळाच्या डेस्कवर मुलगी कधी आली? त्याने बराच वेळ टाइप केलं, खोडलं, मग लिहिलं: "तसं नाही आठवत. बरीच वर्षं नाही आली." पुढे एक हसरा चेहरा.

म्हणून व्हिसरच्या त्या 'पहिली, पहिली, पहिली'च्या यादीपेक्षा मला तिची सालं मोजावीशी वाटतात. १९७४ ला ग्लोबमध्ये शिरली. २००० मध्ये सोमवारच्या रात्रीवरून काढलं तेव्हा वय ४६. पुरुष समालोचकाची त्या वयात उमेदवारी संपलेली असते. ती सीबीएसला परत गेली आणि काम करत राहिली. २०२० मध्ये क्रीडा प्रसारणाचा जीवनगौरव एमी पुरस्कार मिळाला, तोही बाईला पहिल्यांदाच. ४६ वर्षं. तिला मदत नव्हती असं नाही. शिष्यवृत्ती होती, पाठीशी उभं राहणारं दैनिक होतं, १९८३ मध्ये लग्न केलं तो नवरा डिक स्टॉक्टन स्वतः समालोचक, म्हणजे रविवारी घरी का नाहीस हे विचारणारं कुणी नाही. तरीही ४६. ती गेली नाही, म्हणून तिच्यामागून येणाऱ्यांना "बघा, उडतात" हे वाक्य निदान तिच्या नावावर ऐकावं लागलं नाही. माझ्यामागून जी येणार होती, तिला मात्र ते माझ्या नावावर ऐकावं लागलं असणार. ती कोण, हे मला कधी कळणार नाही.

माझी भाची नागपुरात आहे. एका बातम्यांच्या पोर्टलसाठी खेळ कव्हर करते. महिन्यातून दोनदा तरी आम्ही बोलतो. लिसा स्थळेकर पुण्यात जन्मली आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळून आता समालोचन करते, हे तिने मला सांगितलं; २०१५ मध्ये आयपीएलच्या समालोचनात ती होती, अंजुम चोप्रा होती, हेही. माझ्या लेखी मोठी बातमी, तिच्यासाठी जुनीपुराणी. व्हिसरची गोष्ट मी तिला रंगवून सांगितली. पार्किंग, वही, सही. ती म्हणाली, "मावशी, आम्ही पण पार्किंगमध्येच उभे राहतो. आता कुणालाच आत नाही सोडत. मुलं-मुली सगळे बाहेर. मीडिया मॅनेजर दोन वाक्यं पाठवतो व्हॉट्सअ‍ॅपवर." मला काय बोलावं कळेना. लुडकीचा दावा, मॉटलीबाईंचा निकाल, आणि आता ती खोलीच बंद.

"आणि बाथरूमचं काय?" मी विचारलं.

"आहे ना. मागच्या आठवड्यात जिथे गेले होते तिथे नवंकोरं होतं. लेडीज अशी पाटी, टाइल्स, सगळं."

"मग?"

"कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेला होता."

मी तिला म्हटलं, तुझ्या पासचा फोटो पाठव. लगेच आला. प्लॅस्टिकचा, चकचकीत, क्यूआर कोडवाला, तिचा फोटो, नाव नीट छापलेलं. मी म्हटलं, मागची बाजू पाठव. तीही आली. बारीक अक्षरांत सूचना: हा पास अन्य व्यक्तीस देऊ नये, छत्री आणू नये, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, काडेपेटी, लेझर, ड्रोन. मी फोटो मोठा करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग चश्मा पुसून पुन्हा एकदा.

"काय शोधतेयस?" तिने विचारलं.

"काही नाही गं."

"पॉवर बँकपण नाही नेऊ देत," ती म्हणाली. "फार त्रास होतो."